साक्षीदाराचा दहावा

दाजी, तुमच्या नावाआधी काय लावायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून डोक्यात तेवढंच चाललं होतं. जन्मभर मी हेच काम केलं. बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर मी, आणि नदीकाठी दहाव्याला जमलेल्या पाहुण्यांची नावं पुकारायलाही मीच. आपल्या भागात माणसाचं नाव मोकळं घेत नाहीत. ज्यानं दोन प्लॉट विकले तो युवा उद्योजक, ज्यानं मंडळाची वर्गणी गोळा केली तो समाजभूषण, आणि ज्याच्याविषयी काहीच सापडत नाही तो दिलदार व्यक्तिमत्त्व. मागं एकदा कारेगावात मी गडबडीत एकाचं नाव नुसतंच घेतलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. चहालाही हात लावला नाही. "माझ्याविषयी मनात काही आहे का तुमच्या?" असं विचारून गेला. तुम्हाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तुम्ही खोकला येईपर्यंत हसला होतात.

"मग माझ्या दहाव्याला काय लावशील रं?"

"निष्ठावान रेल्वे कर्मचारी," मी म्हणालो.

"नगं बाबा. रेल्वेला वाटंल अजून काय तरी मागतोय."

अक्का आतून ओरडली होती, की जेवताना असलं बोलू नका. आणि तुम्ही मला डोळा मारला होता.

अक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी केंदूरच्या शाळेत होतो. बारावीनंतर तुम्हीच मला दौंडला घेऊन आलात. रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं हातभर जागा, त्यात तुमची वांगी. तुम्ही यार्डात पॉइंट्समन. मालगाड्यांचे डबे जोडायचे, सोडायचे, रूळ बदलून द्यायचे. ड्युटीवरून आलात की हात धुवायच्या आधी वांग्यांकडे जायचात. गुंडांचे पिक्चर मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलेत, हे आज मुद्दाम लिहितोय, कारण आता लोक मला म्हणतात, तुमच्या दाजींना करमणूक कळत नव्हती. चांगली कळत होती. तुम्ही शिट्टी मारायचात. थिएटरातून बाहेर पडलो की मी कॉलर वर करून, खिशात हात घालून चालायचो, आणि तुम्ही मागून म्हणायचात, "कॉलर खाली घे, इस्त्री तुझी बहीन करती."

एकदा मी विचारलं होतं, एवढी माणसं मारली तरी हिरोला काहीच कसं वाटत नाही. तुम्ही म्हणालात, "पिक्चरमधी मेलेली मानसं उठून, तोंड धुवून घरी जात्यात. म्हून त्याला काय वाटत न्हाई."

गणपत खलाशी उठून घरी गेला नाही. तो तुमच्याच यार्डात होता, तुमच्यापेक्षा लहान, पान खाऊन लाल झालेल्या दातांनी सतत हसणारा. विलास आणि त्याची पोरं तेव्हा उभ्या वॅगनी फोडायची. साखरेची पोती, डिझेल, सापडेल ते. गणपतनं एका वॅगनचं सील तुटलेलं पाहिलं आणि साहेबाला सांगितलं. दोन दिवसांनी भर दुपारी, पाण्याच्या टाकीजवळ, विलासनं त्याला लोखंडी पहारीनं मारलं. कमरेत. गणपत पुन्हा उभा राहिला नाही. दोन पावसाळे अंथरुणात काढले आणि गेला.

तिथं तुम्ही धरून चार जण होतात. बाकीच्या तिघांची त्या वेळी नेमकी पाठ होती. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, मी पाहिलं. मग एका संध्याकाळी बाजारातून येताना तुमचा उजवा हात कोपरात मोडला. मोडणाऱ्यांनी तोंडं झाकली होती आणि निरोप उघडा दिला होता. मी दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून म्हणालो, दाजी, जाऊ द्या, अमोल लहान आहे, अक्का एकटी पडेल. तुम्ही छताकडे बघत होतात. म्हणालात, "तुला भूक लागली आसंल, खाऊन ये काय तरी."

कोर्टाच्या तारखेला अक्कानं तुमचा पांढरा शर्ट घेतला आणि उजवी बाही शिवणीवर खांद्यापर्यंत उसवली, प्लास्टर आत जावं म्हणून. नुसती कात्री चालवत होती. त्या शर्टात तुम्ही कोर्टात उभे राहिलात आणि डाव्या हातानं विलासकडे बोट दाखवलंत. तो काही वर्षं आत गेला. तुमचा हात कधी पुरता सरळ झाला नाही. रेल्वेनं हलकं काम दिलं, आणि वांग्यांना पाणी तुम्ही डाव्या हातानं घालायला लागलात.

खूप वर्षांनी मी विचारलं, तुम्हाला एवढं धाडस कुठून आलं? मला वाटलं, माईकवर सांगण्यासारखं काहीतरी मिळेल. तुम्ही म्हणालात, "धाडस कसलं. दुपार व्हती. उजेड व्हता. दिसलं. दिसलं ते सांगितलं."

मला तेव्हा ते फार साधं वाटलं होतं. माझा धंदाच साध्याला पालिश करायचा.

विलास बाहेर आला तो पांढऱ्या कपड्यांत. पुढच्या काही वर्षांत त्याचे पाण्याचे टँकर झाले, मग कंपन्यांतलं भंगार उचलायचं काम, मग कंपन्यांना कामगार पुरवायचं कंत्राट. शर्यतीचे बैल आले. बैलांच्या मागं पोरं आली, पोरांच्या मागं मोबाईल आले. त्याचा वाढदिवस कोयत्यानं केक कापून व्हायला लागला, आणि त्या केकचा व्हिडिओ शिरूरपासून दौंडपर्यंत पोरांच्या स्टेटसला. तो शर्यतीला आला की घाटावरून, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीवरून, माझ्याकडे त्याच्या नावाची चिठ्ठी यायची. चिठ्ठी आली की वाचायची, हा आमचा नियम. न वाचली तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही. आणि मी नुसती वाचायचो नाही, दाजी. "भीमातीरावरचा ढाण्या वाघ" हे विलासला मीच लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात बसलं, लोकांनी टोप्या उडवल्या, मग दर वेळी तेच.

तुम्हाला माहीत होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाघाला भंगाराचं कंत्राट कोन देतं रं?"

मी हसण्यावारी नेलं. तो आपला पहिला वाद, आणि तो पुरा झाला नाही, कारण मी तो होऊच दिला नाही.

मग ती सिरीजवाली पोरं आली. पोरं वाईट नव्हती. नम्र होती, पाया पडली, काका काका करत होती. मोबाईलवर बघायची सिरीज, यार्डातून उठून राजा झालेल्या माणसाची गोष्ट. विलासचं नाव बदललेलं, पण दौंडमधल्या शेंबड्या पोरालाही कळावं एवढंच. मधेमधे गोष्ट सांगायला त्यांना भारदस्त आवाज हवा होता. कारेगावात एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगची जागा केली होती. मी गेलो. पैसे मिळाले, ते सांगण्यासारखं नाही. आवाज मोठ्या ठिकाणी जातोय याचंच जास्त वाटलं.

माझ्यापुढच्या कागदावर वाक्य होतं, "मग रेल्वेतल्या एका माणसानं कोर्टात भाईचं नाव घेतलं." मी ते दोनदा वाचलं. पडत होतं. "एका माणसानं" म्हटलं की आवाजाला धरायला काही मिळत नव्हतं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मग रेल्वेतल्या एका गद्दारानं कोर्टात भाईचं नाव घेतलं." समोरच्या पोरानं अंगठा वर केला. "काका, हे कागदात नव्हतं. काय टाकलंय पण."

तो माणूस तुम्ही आहात हे मला माहीत होतं का? होतं. बोलताना जीभ पुढं गेली, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण त्यांनी मला ते परत ऐकवलं. तेव्हा सगळं डोळ्यांपुढं होतं, बाही उसवलेला शर्टसुद्धा. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणालो असतो तर त्यांनी केलं असतं. मी म्हणालो नाही. कारण ऐकायला चांगलं वाटत होतं.

पुढचा सीन मी नंतर पाहिला. अंधार, धूर, ढोल. रेल्वेतला माणूस गुडघ्यावर बसून हात जोडतो, रडतो, आणि भाई त्याला जिवंत सोडून देतो, नुसता हात मोडून. किती मोठं मन. गणपत त्यात कुठंच नाही. दुपारही नाही.

लोक म्हणतात, गोष्ट आहे, सोडून द्या. सोडून देण्याआधी एकदा नीट बघा, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. या सगळ्या गोष्टींत पहार उचलणाऱ्याला बालपण असतं. त्याला आई असते, ती चुलीपुढं रडते. त्याला एक मुलगी आवडलेली असते, त्याच्या मागं गाणं वाजतं, तो गरिबाच्या पोरीचं लग्न लावून देतो. पहार खाणाऱ्याला काय असतं? तो पडतो. आणि पाहणाऱ्याला? अर्धं वाक्य. तेवढंच, आणि त्यातही शिवी. गणपतला आई होती, दाजी. ती त्याला कुशीवर वळवायची. तिच्यामागं कुणी गाणं लावलं नाही. गुंडाची गोष्ट सांगू नका असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणाला नसतात. पण गोष्ट सांगताना ज्याचा हात मोडला त्यालाच गुन्हेगार करायचं, आणि हे सारं मातीतली, खरीखुरी गोष्ट म्हणून विकायचं, ही करमणूक नाही. हा विलासचा दुसरा खटला आहे. पहिल्या खटल्यात तो हरला होता. दुसरा त्यानं मोबाईलवर जिंकला, आणि त्याचा वकील मी होतो.

तुम्हाला तो शब्द कटिंगच्या दुकानात ऐकू आला. हे मला तुम्ही नाही, तुम्ही गेल्यावर दुकानवाल्यानं सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा मोबाईलवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होता. म्हणाला, "आवाज खतरनाक आहे, कोण आहे हा?" आणि तुम्ही गळ्याभोवती कापड बांधलेलं, तसेच म्हणालात, "माझा मेव्हना हाय." दुकानवाला म्हणाला, त्यात राग नव्हता. मला तो राग चालला असता.

त्याच आठवड्यात तुम्ही एसटीनं कारेगावला माझ्या घरी आलात. पिशवीत वांगी होती. माझ्याकडे खोल्या भाड्यानं घेऊन राहिलेली कंपनीतली पोरं बाहेर कपडे धूत होती, त्यांच्याशी तुम्ही मोडक्या हिंदीत गप्पा मारल्यात, मग आत आलात. पाणी प्यायलात.

"त्यो शब्द तुझा का त्यांचा?"

कुठला शब्द, असं विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

"त्यांचा," मी म्हणालो. "लिहून दिलेलं वाचतो आम्ही, दाजी. चिठ्ठीसारखंच."

तुम्ही पेला खाली ठेवलात. "बरं," म्हणालात. मग म्हणालात, "वांगी आजच करायला सांग. उद्यापर्यंत मऊ पडतील."

दाजी, तो शब्द माझा होता. हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होतो, मग दिवाळीला सांगणार होतो, मग म्हटलं समोरासमोर बसून. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, कशानंही झालं असतं. अक्कालाही ते पटतं. ती मला तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या शब्दाचं त्यान्ला काय न्हवतं. लई शब्द ऐकल्यात त्यांनी. पर कारेगावावनं आले तवा म्हनले, 'ह्यानं माज्याशी खोटं बोलायला नगं व्हतं.'" एवढं सांगून ती भांडी घासायला गेली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी निरोप आला की भाई स्वतः येणार आहेत, श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलणार आहेत. निरोप आणणारा पोरगा आदबीनं बोलला. भाईंच्या मनात काही नाही, जुनं ते जुनं, मोठं मन आहे. सिरीजवाली पोरंही येणार होती, शूटिंगला. ज्यानं भाईविरुद्ध साक्ष दिली त्याच्याच दहाव्याला भाई हात जोडतो, असा तो शॉट. यापेक्षा मोठं मन कुठं दिसणार.

अमोल माझ्याजवळ येऊन बसला. तुमचा अमोल, दहा दिवसांची दाढी वाढलेला, उद्या केस उतरवायचे होते. कंपनीत तो सुपरवायझर आहे खरा, पण कंत्राटदाराकडून. आणि कंत्राट कुणाचं ते आपल्याला माहीत आहे.

"मामा, नाव घ्या, बोलू द्या, मोकळे व्हा. दोन मिनिटांचं काम आहे. मला इथंच राहायचंय."

"तुझ्या बापाचा दहावा आहे, अमोल."

"म्हणूनच म्हणतोय. ते गेले. मी आहे अजून. आणि एवढी वर्षं भाईंचं नाव तुम्हीच घेत होता ना माईकवर? आता काय झालं?"

आम्ही दोघं अक्काकडे गेलो. ती उद्याच्या पिंडांसाठी तांदूळ निवडत होती. अमोलनं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"येऊ दे की. नदी काय कुनाच्या बापाची हाय? बसू दे, कावळ्याची वाट बघू दे सगळ्यांसंगं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पर माईक तुज्या हातात आसंल. त्यो त्याच्या हातात गेला तर मी उठून घरी जाईन. पिंड राहिलं तिथंच."

"आई, माझी नोकरी," अमोल म्हणाला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. आवाज बदलला नाही. "म्या तुला न्हाई सांगितलं. ह्याला सांगितलं."

सकाळी भीमेच्या काठाला माणूस मावत नव्हता. रेल्वेतले जुने लोक आले होते, केंदूरचे भावकीतले, दोन-तीन माजी सरपंच, कारखान्याचे एक संचालक. विलास पहिल्या रांगेत, पांढरी विजार, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. जवळून पाहिलं तर म्हातारा झालाय. मागं पोरं मोबाईल वर धरून. कीर्तन झालं, पिंड ठेवले गेले, श्रद्धांजली सुरू झाली. नेहमीसारखीच. तुम्हाला न ओळखणाऱ्या दोघांनी तुम्ही आधारवड होतात असं सांगितलं. मग चिठ्ठी आली. विलासचं नाव, आणि नावाआधी पाच विशेषणं, कुणीतरी माझ्यासाठी आधीच लिहून ठेवलेली.

मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि तुमचं नाव घेतलं. दत्तात्रय. आधी काही लावलं नाही. म्हणालो, हे यार्डात पॉइंट्समन होते. यांच्यासमोर गणपत नावाच्या खलाशाला मारलं, ते यांनी पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. यांनी कुणापुढं गुडघे टेकले नाहीत, कुणाला हात जोडले नाहीत. एक हात तर प्लास्टरमध्येच होता. मोबाईलवर यांना गद्दार म्हटलेलं तुम्ही ऐकलंय. तो आवाज माझा आहे. तो शब्दही माझा आहे, कागदावर नव्हता. तो खोटा आहे. मी दाजींना सांगितलं की शब्द माझा नाही, तेही खोटं होतं.

सिरीजवाल्या पोरांपैकी एकानं मोबाईल खाली घेतला.

विलास उठला. चिडला वगैरे काही नाही. त्याला चिडायची सवय राहिलेली नाही, त्याच्या वतीनं इतर चिडतात. तो सरळ माझ्याकडे आला आणि माईकसाठी हात पुढं केला. एकदा दिला की दहाव्याला आलेल्या माणसाच्या हातातून माईक ओढून घेता येत नाही, आणि त्याला धक्काही मारता येत नाही. तेवढं भान मला होतं. मी माईक खाली घेतला नाही, दिलाही नाही. वाकून आवाजाच्या मशीनचं बटण बंद केलं. झाडावरच्या कर्ण्यांत टक्क झालं आणि नदीचा आवाज ऐकू यायला लागला.

त्यानं बोलायला सुरुवात केली. करणारच, एवढी माणसं समोर. आणि मग ते झालं, दाजी, जे मी विचार करून केलं नव्हतं. त्याचा आवाज पोचेना. बारीक, घशात अडकणारा आवाज आहे त्याचा. इतकी वर्षं घाटावर त्याच्यासाठी मी बोललो, मोबाईलवर ढोल बोलला, दुसऱ्या नटाचा आवाज बोलला. तो स्वतः मोकळ्या हवेत माणसांपुढं बहुतेक कधी बोललाच नव्हता. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हनतोय?" दुसरा म्हणाला, "काय की, ओठ हालत्यात." आणि बायकांतून गणपतची वहिनी, तिला आता कमी दिसतं आणि समोर कोण उभं आहे ते तिला कळलेलं नव्हतं, ती म्हणाली, "आरं मोठ्यानं बोल की बाबा, जेवला न्हाईस का?"

कुणी हसलं नाही. दहावा होता. पण सगळ्यांनी ते ऐकलं. विलासनं आणखी दोन वाक्यं केली, हात जोडले आणि चपला शोधायला लागला. जाताना माझ्याजवळ थांबला.

"मशीन बिघडलं व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "मी बंद केलं."

त्यानं मान हलवली. कावळा शिवायच्या आत त्यांच्या गाड्या गेल्या.

घाटांची बोलावणी बंद झाली आहेत. दोन शर्यतींचे फोन आले, काका या वेळी दुसरा मुलगा ठरवलाय म्हणून. ठीक आहे. सिरीजवाल्यांना मी म्हणालो, तो शब्द काढून टाका. ते म्हणाले, एकदा टाकलेलं काढता येत नाही. मग मी माझ्या मोबाईलवर बसून तुमची गोष्ट सांगितली, दुपारच्या उजेडात, ढोल न लावता, आणि टाकली. फार कुणी पाहिली नाही. गणपतची वहिनी दोनदा ऐकून गेली. अमोलला कंत्राटदारानं सांगितलं, सुट्टी हवी तेवढी घ्या. तो माझ्याशी बोलत नव्हता.

काल सकाळी टेम्पोतून मशीन आणि कर्णे माझ्या दारात उतरवत होतो. मोटारसायकलवरून दोघं आले, तोंडं उघडीच होती, आणि दगडानं मशीन फोडलं. एकानं कर्ण्यावर पाय देऊन तो चेपला. "आता बंद कर बटन," म्हणाला. मला हात लावला नाही. भाड्यानं राहणारी पोरं दारातून आत सरकली. परगावची आहेत, त्यांना दोष देत नाही. मी चौकीत गेलो. हवालदार माणूस बरा होता, पण त्यानं तेच विचारलं जे विचारतात.

"तुमच्याशिवाय पाहिलं कुणी?"

मी नाही म्हणणार होतो. अमोल पाहुण्यांची भांडी परत करायला कारेगावात आला होता, कोपऱ्यावर त्याची गाडी उभी मी पाहिली होती, आणि तरी मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात तो चौकीत आला. माझ्याकडे न बघता खुर्ची ओढून बसला.

"मी पाहिलं," तो म्हणाला. "दोघांनाही ओळखतो. लिहा."

हवालदारानं पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "बघा हं. पुढं कोर्टात उभं राहावं लागतं. तिथं लोक फिरतात."

"लिहा तुम्ही."

त्यानं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग सहीसाठी कागद पुढं ओढला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की अमोल, तुझी बायको आहे, पोर आहे, पुन्हा विचार कर. दाजी, मी भितोय, अजूनही भितोय. पण काल मी गप्प बसलो आणि त्याला सही करू दिली.